युद्धकाळातील खलाशाचा दिवस
(वार्षिक स्नेहसंमेलनात केलेले भाषण)



युद्ध म्हटले की तोफांचा गडगडाट आठवतो. परंतु खलाशाचे युद्ध बहुतांशी निःशब्द असते. दुसऱ्या महायुद्धातील ‘रॉयल इंडियन नेव्ही’च्या तरुण खलाशांच्या दिनचर्येविषयी आम्ही आज चार शब्द बोलणार आहोत. १९३९ साली या नौदलात दोन हजारही माणसे नव्हती. १९४५ पर्यंत ती संख्या पंचवीस हजारांवर गेली. आपल्या कोकणपट्टीतील मुलेही त्यांत होती.

समुद्रावरील दिवस पाळ्यांनी मोजला जाई. चार तास पहारा, मग इतर कामे व विश्रांती, पुन्हा पहारा. सायंकाळी चार ते आठ या वेळेचे मात्र दोन-दोन तासांचे दोन भाग करीत. त्यामुळे दिवसाच्या पाळ्या सात होत आणि मध्यरात्रीचा पहारा नित्य एकाच्याच वाट्यास येत नसे. निजावयास टांगती झोळी. उठताच ती गुंडाळून बांधावयाची, कारण तेथेच जेवणाची पंगत बसे. गोडे पाणी जपून वापरावयाचे. रात्री डेकवर काडी ओढण्यासही बंदी. पत्रात जहाजाचे नाव वा ठिकाण लिहिण्यास मनाई. मग ‘खुशाल आहे’ यापलीकडे आईस काय कळावे?

या शिस्तीची कसोटी ११ नोव्हेंबर १९४२ रोजी लागली. ऑस्ट्रेलियात बांधलेली ‘बेंगॉल’ ही छोटी युद्धनौका ‘ओंडिना’ या डच तेलवाहू जहाजास सोबत करीत हिंदी महासागरातून येत असता दोन मोठी सशस्त्र जपानी जहाजे समोर आली. ‘बेंगॉल’वर बारा पौंडी गोळ्याची एकच मुख्य तोफ, तरीही ती शत्रूवर चालून गेली. त्या झुंजीत ‘होकोकू मारू’ बुडाले. ‘बेंगॉल’ आणि ‘ओंडिना’ बचावल्या.

असे प्राण पणास लावणाऱ्या नौदलात ताटातील अन्न मात्र धड मिळेना. १८ फेब्रुवारी १९४६ रोजी मुंबईस ‘तलवार’ या नाविक केंद्रातील खलाशांनी निकृष्ट अन्न व अपमानास्पद वागणूक यांविरुद्ध संप पुकारला. त्यांचा स्वाभिमान या रोजच्या ताटापाशीच जागा झाला.

बंधुभगिनींनो, इतिहासात लढाईची तारीख राहते; पहाऱ्याच्या रात्री राहत नाहीत. कोणाच्या घरी आजोबांची अशी पत्रे ट्रंकेत असतील, तर ती रद्दीत घालू नका. मुलांस वाचून दाखवा. आजही बोटीवर गेलेल्या मुलाचा निरोप त्रोटक आला, तर रागावू नका. ‘खुशाल आहे’ या दोन शब्दांमागे किती जागरण असते, हे आपण जाणावे, एवढीच विनंती.