नळाच्या पाण्यातील वीज



घरात वीज वाचवा असे सांगावयास कोणी उठला की श्रोत्यांना दिवे व पंखे आठवतात. त्यांवर पुष्कळ बोलून झाले आहे. आम्ही आज नळाविषयी बोलणार आहोत.

आपले इंदूर समुद्रसपाटीपासून सुमारे ५५० मीटर उंचीवर, आणि आपण पितो ती नर्मदा मंडलेश्वराजवळ सुमारे १५० मीटरवर वाहते. ‘नर्मदा इंदूरला आणा’ म्हणून १९७० साली या शहरात मोठे आंदोलन झाले. त्यात घोषणा दिलेली काही मंडळी आज या सभेतही असतील. १९७८ मध्ये पाणी आले. जलूदहून सुमारे ७० किलोमीटर, विंध्याचा चढ चढून. नदी आपण होऊन डोंगर चढत नाही. तिला पंप चढवितात, आणि पंपांना वीज लागते.

हिशेब सोपा आहे. हजार लिटर पाणी ४०० मीटर उचलावयाचे म्हणजे एक युनिटाहून थोडी अधिक वीज, तीही वाटेत काहीच वाया गेले नाही तर! प्रत्यक्षात खर्च मोठा. तो घरच्या विजेच्या बिलात दिसत नाही, म्हणून आपला वाटत नाही. महानगरपालिकेने २०२३ मध्ये हरित रोखे काढून २४४ कोटी रुपये उभे केले, ते जलूदच्या सौर प्रकल्पासाठी. म्हणजे याच खर्चापायी.

आता आमचीच एक लाज सांगतो. या सभागृहाच्या गच्चीवरील टाकी कित्येक वर्षे रोज सकाळी भरून वाहत असे. पाणी मागच्या बोळात धो धो पडू लागले की टाकी भरली असे समजावयाचे आणि मग सावकाश कोणीतरी मोटार बंद करावयाची, अशी आपली वहिवाट! गेल्या वर्षी आम्ही बादली घेऊन वर गेलो. वीस लिटरांची बादली चाळीस सेकंदांत भरली. रोज दहा मिनिटे धरली तरी ३०० लिटर, महिन्याला नऊ हजार. ज्या न्यासाच्या बैठकीत एखाद्या मुलाच्या फीच्या पाचशे रुपयांवरून तासभर खल होतो, त्याच्याच गच्चीवरून हे वाहत होते. टाकी भरताच मोटार बंद करणारे फ्लोट स्विच आम्ही बसविले. ‘इतकी वर्षे कुठे अडले होते?’ असे एका ज्येष्ठ सभासदांनी विचारले. अडले नव्हते, हेच तर दुखणे.

दुसरी जागा न्हाणीघर. वीस लिटर पाणी वीस अंशांनी तापविण्यास सुमारे अर्धा युनिट लागते. पाच माणसांच्या घरी रोज अडीच युनिटे. आजीच्या काळी तांब्याचा बंब एकदा पेटला की सर्वांची स्नाने पाठोपाठ उरकत. आता प्रत्येकाची वेळ निराळी, आणि गीझर सकाळभर चालूच. बंब परत आणा असे आम्ही म्हणत नाही. धुराने डोळे कसे चुरचुरत ते आम्हांस आठवते. पण पाठोपाठ स्नान करण्यास धूर लागत नाही. गच्ची मोकळी असेल त्यांनी सौर बंबाचा विचार जरूर करावा. पावसाळा सोडला तर माळव्यात उन्हाला तोटा नाही.

आपल्या घरच्या टाकीची अशीच मोजणी करावयाची असेल, त्यांनी रविवारी सकाळी नळाच्या वेळी इकडे यावे. आम्ही बादली घेऊन गच्चीवर असू. जिना अरुंद आहे, तेवढे जपून चढावे.