दमेकरी आणि फोनवरचा डॉक्टर
(वर्धापनदिनी केलेले भाषण)



मी सातवी शिकलेली, चूल सांभाळणारी बाई. वैद्यकातले मला काय कळणार? पण माझे माहेर पेणचे, सासर रोह्याजवळच्या खेड्यातले आणि आई दमेकरी. त्यामुळे जे अनुभवास आले, तेवढेच सांगते.

आईचा जन्म गणपतीच्या कारखान्यात गेला. सुकलेल्या मूर्ती घासताना उडणारी भुकटी तिने वर्षानुवर्षे नाकातोंडात घेतली. २०२० च्या मार्चमध्ये टाळेबंदी होऊन गाड्या थांबल्या. त्याच महिन्याच्या २५ तारखेस फोनवरून रोगी तपासण्याचे नियम सरकारने जाहीर केले. मी आईच्या जुन्या डॉक्टरांना फोन लावला. ते म्हणाले, "छातीला नळी लावल्याशिवाय मी औषध बदलणार नाही." मला फार राग आला.

गाड्या सुरू झाल्यावर आईला माझ्याकडे आणले. उपकेंद्रातल्या नर्सबाईंनी 'ई-संजीवनी'वर डॉक्टर दाखवायचे ठरविले. त्याही आधी कुरकुरत होत्या. समोर रांग, त्यात मध्येच रेंज जाते, शिवाय नोंदी वाढतात. पण पडद्यावरचे डॉक्टर म्हणाले, "आजी, पंप कसा घेता तो दाखवा." आई आधी पंप दाबी आणि मग श्वास घेई, औषध सारे तोंडातच राही. डॉक्टरांनी शिकविले : आधी श्वास सोडा, ओठ घट्ट मिटा, सावकाश आत ओढतानाच दाबा आणि दहा आकडे मोजेपर्यंत दम धरा. नर्सबाईंनी हात धरून तिच्याकडून चारदा करवून घेतले. दोन वर्षे फुकट गेलेले औषध त्या दिवशी छातीत उतरले! तेव्हापासून नर्सबाईच इतरांना म्हणतात, "या, पंप दाखवा."

पुढे एका संध्याकाळी आईला एक वाक्य पुरे बोलवेना, बरगड्यांमधली कातडी आत ओढली जाऊ लागली. मी पुन्हा उपकेंद्राकडे निघाले, तर नर्सबाई फोनवर म्हणाल्या, "इथे पडद्यापुढे बसवू नका, १०८ ला बोलवा आणि थेट इस्पितळात न्या." आई वाचली.

तेव्हा पेणच्या डॉक्टरांवरचा माझा राग गेला. फोनमधून घरघर नीट ऐकू येत नाही, ही त्यांची धास्ती खरी होती. १८१६ साली लाएनेक या फ्रेंच वैद्याने कागदाची गुंडाळी छातीला लावून ऐकले, तेव्हापासून वैद्यांचा कानावर भरवसा आहे. तो एका दिवसात कसा सुटावा?

भगिनींनो, बरे असताना विचारपूस करायला आणि पंप शिकायला पडदा चांगला. श्वास अडला की माणूसच गाठावा. आणि डॉक्टर "समोर आणा" म्हणाले, तर त्यांना आळशी म्हणू नये.