जाडजूड सुशी रोल आणि अडकलेला घास

आजचा विषय ऐकून हसाल, पण शेवटची दोन मिनिटं हसण्यावारी नेऊ नका. विषय आहे, तोंडात न मावणारी सुशी खायची कशी?

आधी माझी फजिती सांगतो. फेब्रुवारी २०२३. प्रोजेक्टसाठी मी ओसाकाला होतो. ३ तारखेला जपानमध्ये सेत्सुबुन होता, म्हणजे त्यांच्या जुन्या पंचांगाप्रमाणे वसंत सुरू होण्याच्या आदला दिवस. त्या दिवशी एहोमाकी नावाचा जाड सुशी रोल खातात. न कापता, अख्खा, त्या वर्षीच्या शुभ दिशेला तोंड करून, आणि संपेपर्यंत एक शब्दही न बोलता. कापायचा का नाही? तर नशीब आणि नाती कापली जाऊ नयेत म्हणून. प्रथा मूळची ओसाकाकडची. देशभर पसरली ती कन्व्हिनियन्स स्टोअर्समुळे, १९९८ च्या आसपास.

शुभ दिशेचं लॉजिक तर आपल्यासारख्यांसाठी चक्क स्विच-केस आहे. वर्षाचा शेवटचा आकडा बघायचा. ४ किंवा ९ असेल तर पूर्व-ईशान्य. ५ किंवा ० असेल तर पश्चिम-नैर्ऋत्य. २ किंवा ७ ला उत्तर-वायव्य. आणि १, ६, ३, ८ या चारही आकड्यांना दक्षिण-आग्नेय. संपला कोड.

तर दुपारी ऑफिसमध्ये सगळ्यांनी मोबाइलवर होकायंत्र उघडलं, दक्षिण-आग्नेयेला वळले आणि खायला लागले. मी सगळ्यात मागे. म्हटलं, पाणीपुरी एका घासात खाणारा माणूस आहे मी, हे काय विशेष! मोठ्ठा घास घेतला. पण बाहेरचा नोरी, म्हणजे समुद्री शेवाळाचा कागद, भाताच्या ओलाव्यानं चिवट झाला होता. तो तुटेना. आत कांप्यो होतं, म्हणजे दुधीच्याच जातीच्या भोपळ्याच्या वाळवून शिजवलेल्या लांब पट्ट्या. दातांनी ओढलं तर अख्खी पट्टी बाहेर, तिच्यामागे काकडी, अंडं, भात. खाली सांडू नये म्हणून सगळं आत कोंबलं. आणि घास अडकला.

आता गंमत बघा. बोलायचं नाही हा नियम. सगळे एकाच दिशेला बघतायत, म्हणजे माझ्याकडे सगळ्यांची पाठ! डोळ्यांतून पाणी येतंय, ठसका लागलाय, आणि मी काय करतोय? आवाज दाबतोय. का, तर त्यांची प्रथा मोडायला नको, इंडियातून आलेल्याला खाता येत नाही असं वाटायला नको. शेवटी जोरात खोकलो, घास टिश्यूत आला आणि बारा जण एकदम वळले.

टीममधल्या एक वयस्कर बाई उठल्या. त्यांनी चहा दिला, कात्री आणली आणि माझ्या रोलचे शांतपणे चार तुकडे केले. म्हणाल्या, "माझ्या आईला मी दरवर्षी कापूनच देते." विषय संपला. ज्या नियमापायी मी घुसमटत होतो, तो त्यांच्या घरी कधीच वाकवलेला होता.

तर आता कामाच्या गोष्टी.

पहिली, ऑर्डर करताना नाव बघा. होसोमाकी म्हणजे बारीक रोल, एका घासाचा. फुतोमाकी म्हणजे जाड, पाचेक सेंटिमीटर रुंद. तुकडा मोठा वाटला तर सरळ सांगा, "हानबुन नि किट्टे कुदासाई", म्हणजे अर्धा कापून द्या. यात कमीपणा काही नाही.

दुसरी, रोल हातानं खाल्लेला चालतो. ओला रुमाल देतात तो त्यासाठीच. चॉपस्टिकनं तुकडा तोडायला जाऊ नका, नोरी तुटत नाही आणि पोटातलं सगळं बाहेर येतं.

तिसरी, शक्यतो एका घासात. दोन घास लागणारच असतील तर उरलेला अर्धा हातातच ठेवा, उष्टा तुकडा परत ताटलीत ठेवणं बरं दिसत नाही. सांडेल असं वाटलं तर तळहात खाली धरण्यापेक्षा छोटी ताटली उचला.

चौथी, सोया सॉसमध्ये बुचकळू नका. भात सॉस पितो आणि रोल सुटतो. कडेला जरासा टेकवा, नाहीतर आल्याची चकती सॉसमध्ये बुडवून ब्रशसारखी वरून फिरवा.

पाचवी, शाकाहारी मंडळींसाठी. काकडी आणि कांप्यो दिसलं म्हणून निर्धास्त होऊ नका. कांप्यो बऱ्याचदा दाशीत शिजवतात, आणि दाशी बहुतेक वेळा माशाची असते. आधी विचारा.

आणि सगळ्यात महत्त्वाचं. रोल असो, मोदक असो की वडा, समोरच्याला घास लागला आणि तो खोकू शकत असेल तर त्याला खोकू द्या, पाणी पाजायची घाई करू नका. पण आवाजच फुटत नसेल, खोकताच येत नसेल, तर त्याला पुढे वाकवा आणि खांद्यांच्या मधोमध पाठीवर तळव्यानं जोरात पाच थापा मारा. घास निघाला नाही तर मागे उभे राहून दोन्ही हात कमरेभोवती घ्या, बेंबीच्या वर मूठ ठेवून आत आणि वरच्या दिशेनं पाच झटके द्या. आलटून पालटून हेच चालू ठेवा. गरोदर बाई असेल तर झटके छातीवर द्यायचे. वर्षाच्या आतल्या बाळाची पद्धत वेगळी आहे, ती नीट शिकून घ्या. दुसऱ्या कुणाला तरी लगेच फोन लावायला सांगा. महाराष्ट्रात १०८, जपानमध्ये ११९.

आणि घास तुम्हालाच लागला तर? लाजेनं उठून बाथरूममध्ये जाऊ नका. तिथे पाठीत थाप मारायला कुणी नसतं. टेबल वाजवा, गळ्याकडे हात दाखवा, लोकांना कळू द्या.

आजी म्हणायची, जेवताना बोलू नये, ठसका लागतो. बरोबरच होतं तिचं. मी त्यात एवढंच जोडतो, ठसका लागल्यावर मात्र गप्प बसू नये.

भेटू पुढच्या भागात. तोवर छोटे घास घ्या, नीट चावा!