नित्य स्वाध्याय
(शहापूर येथे भरलेल्या वार्षिक ज्ञातिसंमेलनातील भाषण)



गुणवंत विद्यार्थ्यांच्या सत्कारप्रसंगी चार शब्द बोलावेत, अशी कार्यकारी मंडळाची आज्ञा झाली, ती आम्ही शिरसावंद्य मानली. परंतु सत्काराच्या यादीवर दृष्टी टाकली तेव्हा त्या यादीत ज्यांची नावे नाहीत त्या मुलांचीच आम्हांस अधिक आठवण झाली. शहापुरातील आणि भोवतालच्या खेड्यांतील आपली कितीतरी मुले बारावीनंतर शाळेचा निरोप घेतात. कोणी जवाहरनगरच्या आयुधनिर्माणीत कामाला लागतो, कोणी भंडाऱ्यास दुकानात बसतो, कोणी वडिलांच्या बांधीत रोवणीला उतरतो. ‘आमचे शिकायचे राहून गेले’ हे वाक्य यांच्या तोंडी पंचविशीतच येते आणि मग जन्मभर तेथेच मुक्काम करते. आजचे आमचे बोलणे मुख्यतः त्यांच्याशी आहे. सत्कारमूर्तींनी राग मानू नये.

लाखनी-साकोलीवरून पुढे गेले म्हणजे नवेगावबांध लागतो. १९९९ साली गोंदिया जिल्हा वेगळा होईपर्यंत तो आपल्याच भंडारा जिल्ह्यात होता. त्या अरण्यात वनखात्याच्या नोकरीनिमित्त मारुती चितमपल्ली येऊन राहिले. १९३२ साली सोलापुरास जन्मलेल्या या गृहस्थांनी कोइमतूर येथे वनविद्येचे प्रशिक्षण घेतले होते. वनाधिकाऱ्याचे काम काय असते ते आपण जाणतोच: झाडांची मोजणी, रोपवने, वणवे, मजुरांचे हिशेब आणि वरिष्ठांच्या पत्रांना उत्तरे. पक्ष्यांचा कोश रचावा किंवा संस्कृत ग्रंथ उलगडावेत, असे त्यांना कोणी सांगितले नव्हते आणि त्यासाठी पगारात एक रुपयाही वाढणार नव्हता.

मग हे सारे घडले कसे? आमच्या समजुतीप्रमाणे त्यांनी आपल्या विषयाच्या शोधार्थ दूर जाणे नाकारले, यातच त्याचे बीज आहे. नोकरीने जेथे नेऊन सोडले तेथलाच तलाव, तेथलेच पक्षी, तेथलीच झाडे त्यांनी अभ्यासास घेतली. पाहावे, टिपून ठेवावे, पुन्हा जाऊन पाहावे, हा परिपाठ ठेवला. नवेगावचे माधवराव पाटील डोंगरवार यांच्यासारखा, जंगल तळहाताप्रमाणे जाणणारा मनुष्य भेटला, तेव्हा हुद्दा विसरून त्यांच्याकडून ते शिकले. आदिवासी, मासेमार, गुराखी यांच्या तोंडची पशुपक्ष्यांची आणि झाडांची नावे त्यांनी गोळा केली. जुन्या ग्रंथांत पशुपक्ष्यांविषयी काय म्हटले आहे हे कळावे म्हणून नोकरी सांभाळून पारंपरिक पद्धतीने संस्कृत शिकले. जर्मन आणि रशियन याही भाषांचा अभ्यास केला. हंसदेवाच्या ‘मृगपक्षिशास्त्र’ या जुन्या संस्कृत ग्रंथाचा मराठी अवतार एका शास्त्रीबोवांच्या साहाय्याने त्यांनी सिद्ध केला. बगळ्यांच्या वसाहतीला ‘सारंगागार’ आणि कावळ्यांच्या वसाहतीला ‘काकागार’ असे शब्द त्यांनी मराठीला दिले. १९९० साली ते निवृत्त झाले आणि पुढे ‘पक्षीकोश’ सिद्ध झाला. २००६ साली सोलापूरच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद त्यांना मिळाले. २०२५ साली पद्मश्री मिळाली आणि त्याच वर्षी जून महिन्यात त्यांचे देहावसान झाले.

परंतु येथे एक सावधगिरीची सूचना करणे अवश्य आहे. स्वतः शिकलेल्या मनुष्याला एक रोग जडण्याचे भय असते. त्याला चूक दाखविणारा कोणी नसतो, म्हणून अर्ध्या हळकुंडाने तो पिवळा होतो. आपल्या समाजातही घरबसल्या वैद्यकी आणि घरबसल्या कायदा सांगणारे विद्वान आहेत. त्यांची नावे घेण्याचे कारण नाही! या रोगावर शंकर बाळकृष्ण दीक्षित यांचे चरित्र हे उत्तम औषध होय. १८५३ साली कोकणात मुरूड येथे जन्मलेले दीक्षित पेशाने शाळामास्तर होते आणि त्यांची मजल मॅट्रिकपर्यंतच गेली होती. ज्योतिषगणित त्यांनी स्वतःच्या परिश्रमाने आत्मसात केले. पण त्यांचे म्हणणे आकड्यांत असे, आणि आकडा कोणालाही पडताळून पाहता येतो. म्हणूनच गुप्तकालीन शिलालेखांच्या तिथी ठरविताना फ्लीटसाहेबांनी त्यांचे गणित आधाराला घेतले. १८९६ साली भारतीय ज्योतिषशास्त्राच्या इतिहासाचा त्यांचा मराठी ग्रंथ निघाला आणि सेवेलसाहेबांच्या समवेत लिहिलेला पंचांगविषयक इंग्रजी ग्रंथही त्याच वर्षी प्रसिद्ध झाला. दोनच वर्षांनी ते वारले. उणीपुरी पंचेचाळीस वर्षांचेही आयुष्य लाभले नाही, आणि त्यातला मोठा भाग मुलांना शिकविण्यात गेला होता.

आता थोडे आमच्याविषयी. चितमपल्लींची पुस्तके वाचून आम्हीही एके वर्षी मृगाच्या सुमारास वही घातली होती. गावच्या बोडीवर कोणते पक्षी येतात ते रोज लिहायचे, असा संकल्प होता. पोळ्यापर्यंत वही चालली. पोळ्याला पाहुणे आले, चार दिवस खंड पडला, आणि नंतर ती वही किराण्याच्या हिशेबाला लागली. आज त्या बोडीत पूर्वीइतके पाणी राहत नाही. पूर्वी तेथे काय येत असे, असे नातवंडे विचारतात तेव्हा आम्हांस ‘पुष्कळ पक्षी येत’ एवढेच सांगता येते. पक्षी कोणते, कोणत्या महिन्यात येत, किती दिवस राहत, यांतले काही एक सांगता येत नाही. ही गोष्ट मनाला फार लागते.

अभ्यासाला विषय हवा, असे तरुण म्हणतात. विषयांचा काय तोटा आहे! चिन्नोर आणि दुबराज ही नावे सर्वांना ठाऊक आहेत. परंतु आपल्या आजीच्या काळी घरच्या बांधीत आणखी कोणते धान होते, त्याचे पऱ्हे केव्हा टाकीत, भात कसा होई, हे कोणी उतरून घेतले आहे काय? नवेगावचा बांध कोहळी लोकांनी घातला असे परंपरा सांगते. अभियांत्रिकीची शाळा नसताना पाळ कशी घालावी, पाणी कोठून सोडावे, हे ती माणसे पिढ्यान्‌पिढ्या शिकत आली. गावोगावच्या तलावांविषयी असे जाणणारे वृद्ध आज हाताच्या बोटांवर मोजण्याइतके उरले आहेत, आणि त्यांच्यापैकी काही या मंडपात पुढच्या रांगेत बसले आहेत.

मंडळास आम्ही विनंती केली होती, ती मान्य झाली याबद्दल आभारी आहोत. यंदा बक्षिसाच्या पेल्यांसमवेत दोनशे पानी कोऱ्या वह्याही आणविल्या आहेत. ज्यांची नावे यादीत नाहीत त्यांनीही भोजनोत्तर चिटणिसांकडून एकेक न्यावी. पुढील संमेलनास येताना ती वही सोबत आणावी. आमचीही आम्ही आणू, आणि कोणाची कोठे थांबली ते एकमेकांना दाखवू.