स्पाइसमधला १ व्होल्ट

मंडळी, अँप्लिफायरला आत दिलेलं व्होल्टेज जरासं हललं की बाहेरचा करंट किती हलतो, ते प्रमाण म्हणजे ट्रान्सकंडक्टन्स. स्पाइसमध्ये ते मोजायला मी इनपुटला १ व्होल्ट एसी देतो, आउटपुटला रेझिस्टर न लावता स्थिर व्होल्टेज सोर्स जोडतो आणि त्यातला करंट वाचतो. एलएम१३७०० ला ५०० मायक्रोअँपिअर बायस दिला की उत्तर येतं सुमारे ९.६ मिलिअँपिअर. आता गंमत बघा, एवढ्या बायसवर ही चिप अर्ध्या मिलिअँपिअरच्या वर जाऊच शकत नाही! एसी अ‍ॅनालिसिस सगळं सरळ रेषेतच धरतं, त्याला ती मर्यादा दिसत नाही. प्रमाण मात्र बरोबर असतं. म्हणून मुलांच्या सायन्स प्रोजेक्टमध्ये हेच सर्किट खरोखर जोडाल, तेव्हा इनपुटला १० मिलिव्होल्टच द्या. १ व्होल्ट दिलात तर साइन वेव्हचा पार चौकोन होईल.