बाळंतिणीचे दोन दिवस
(मंडळाच्या वर्धापनदिनी दिलेले भाषण)



मला बोलायला सांगितले तेव्हा मी म्हटले, मी सातवी शिकलेली, घरची भाकर-भाजी करणारी बाई. मी काय बोलणार? पण सेक्रेटरीबाई म्हणाल्या, मागच्या कार्तिकात लेकीच्या बाळंतपणाला तुम्ही पाच दिवस दवाखान्यात काढलेत, तेच सांगा. म्हणून उभी आहे.

माझ्या सासूबाईंची पाचही बाळंतपणे घरी झाली. अंधारी खोली, बाजेखाली शेगडी, ओव्याची धुरी, आणि नाळ कापायला हाताशी येईल ते. हे सारे गेले ते बरेच झाले. पण दहा दिवस सुवेर म्हणून बाळंतीण बाजेवरून उठत नसे, आणि सव्वा महिना तिला कोणी जड उचलू देत नसे. आता आपण बाळंतपण दवाखान्यात नेले. चांगलेच केले. परंतु पुष्कळदा बाळंतीण चौथ्या-पाचव्या तासाला आटोत बसून घरी येते आणि दुसऱ्या दिवशी चुलीपुढे असते. म्हणजे जुना आराम गेला आणि दवाखान्याची देखरेखही पदरी पडली नाही.

बाळंतपण साधे झाले तरी बाईला ४८ तास दवाखान्यात ठेवावे, असा सरकारी नियम आहे. जागतिक आरोग्य संघटनाही निदान २४ तास सांगते. हे कशासाठी, ते मला तिथे बसूनच कळले. पहिल्या रात्री नर्सबाई घडोघडी येऊन लेकीचे पोट दाबून पाही. मला वाटले, हिचे काय हरवले आहे तिथे? तिने माझाच हात धरून लेकीच्या बेंबीखाली ठेवला. चेंडूसारखा टणक गोळा लागला. म्हणाली, "मावशी, पिशवी अशी कडक राहिली म्हणजे रक्त आवरते. मऊ पडली की वाहू लागते, आणि कधी कधी आतच साठते, वरून दिसत नाही." बाळंतिणी दगावतात त्या सर्वांत जास्त रक्तस्रावानेच, आणि तो धोका पहिल्या २४ तासांत फार असतो.

आमच्या ओळीतली एक सून अशीच त्याच दिवशी घरी आली होती. सासू म्हणाली, "काहून राहाते वं तिथं? घरी कापूस वेचाले माणूस नाही." रात्री दोनला तिची बाज भिजली. आटो मिळेपर्यंत पोरगी पांढरी पडली होती. रक्ताच्या दोन बाटल्या चढल्या तेव्हा वाचली. सासूला मी दोष देत नाही. कापूस खरोखरच झाडावर होता.

लेकराचेही तसेच. माझी नात २ किलो ३०० ग्रॅमची. अडीच किलोच्या खालचे लेकरू लवकर गार पडते, म्हणून तिला आईच्या उघड्या छातीशी लावून वरून पांघरूण घातले. विहीणबाई गरम पाण्याने न्हाऊ घालायला निघाल्या, त्यांना नर्सबाईने २४ तास थांबवले. चीक पिळून टाकू दिला नाही. पहिल्या तासातच पाजला. पोलिओचे थेंब, बीसीजी आणि काविळीची लस तिथेच झाली. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी डॉक्टरीणबाईंना नातीचे अंग पिवळे दिसले. मला तर ती गोरी वाटत होती! निळ्या दिव्याखाली ठेवावी लागली आणि दोनाचे पाच दिवस झाले. पाचवीही दवाखान्यातच. दिवा लावू दिला नाही, मग उशाशी कोरा कागद नि पेन ठेवले. सटवाईने समजून घेतले असेल.

सगळे गोड होते असे नाही. संडासात दिवा नव्हता, रात्री मी मोबाईलचा उजेड धरून उभी राहत असे. खाटांमध्ये पडदा नव्हता, आणि भेटायला येणारे बाप्ये बाळंतीण पाजत असली तरी खुशाल उभे. एका बाईने पेढ्याचे पैसे मागितले. मुलगी आहे कळल्यावर अर्धे मागितले! मी एकही दिला नाही. २०११ सालापासून सरकारी दवाखान्यात बाळंतपण, औषध, रक्त, घरी सोडणारी गाडी सारे फुकट आहे. साध्या बाळंतपणाला ३ दिवस आणि पोट फाडले तर ७ दिवस बाळंतिणीला जेवणही मिळते. हे आपण मागून घ्यावे.

आपल्या जिल्ह्याला तरी हे नवे नको. कस्तुरबा १९४४ साली गेल्या. त्यांच्या नावाने डॉ. सुशीला नायर यांनी सेवाग्रामला बाया-मुलांसाठी दवाखाना काढला, तो पंधरा खाटांचा. पुढे १९६९ साली तिथे डॉक्टरकीचे कॉलेज निघाले. त्याहीआधी आनंदीबाई जोशी चौदाव्या वर्षी बाळंत झाल्या, लेकरू दहाच दिवस जगले. त्या १८८३ साली अमेरिकेला गेल्या आणि १८८६ साली डॉक्टर झाल्या. खाटा झाल्या, डॉक्टरणी झाल्या. पण खाटेवर पडून राहायला बाईला सवड कोण देणार?

कारण ती अडाणी म्हणून लवकर येत नाही. थोरले लेकरू शेजारी रडत असते, गाय दोहायची असते, नवऱ्याचा डबा असतो. घरून फोन येतो नि ती पिशवी भरते. आशाताई तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या दिवशी आणि पुढेही घरी येऊन पाहून जाते, पण पहिल्या दोन दिवसांचे काय? तिचे घर दोन दिवस दुसऱ्या कोणी चालवले, तरच ती राहील. ते मंडळाने करावे असे माझे म्हणणे आहे. पैसे लागत नाहीत.

येत्या पौषात आमच्या ओळीत दोघींचे दिवस भरतात. एकीची सासू आहे. दुसरीच्या घरी कोणी नाही. तिची थोरली पोरगी मी माझ्याकडे ठेवून घेते. दोन दिवसांच्या डब्याचे कोण करणार आणि गाय कोण पाहणार, तेवढे आज उठण्यापूर्वी दोघींनी सांगावे.