डागाला कारण हवं

प्लास्टिकच्या विमानांची किट जोडून रंगवणाऱ्यांमध्ये एक समज चांगलाच रुजलेला दिसतो. मिग-21 रंगवायचं असेल तर हवाई दलाचे जुने फोटो धुंडाळावे लागतात, छटा जुळवावी लागते आणि एवढं करूनही कुणीतरी जाणकार चूक काढतोच. विज्ञानकथेतल्या विमानाला मात्र ही कटकट नाही. जे कधी उडालंच नाही, त्याचा रंग चुकला असं म्हणणार कोण? समज बिनतोड वाटतो, पण त्या भरवशावर रंगवलेली बहुतेक मॉडेल खेळण्यासारखी दिसतात. मिग-21 पाहणाऱ्याच्या ओळखीचं असतं. रंग थोडा हुकला तरी असं विमान होतं, हे त्याला ठाऊक असतं. काल्पनिक विमानाच्या पाठीशी अशी ओळख नसते. त्याच्या खरेपणाचा सगळा पुरावा वरच्या रंगातूनच द्यावा लागतो. म्हणून माझं म्हणणं असं, की काल्पनिक विमान रंगवणाऱ्याला मोकळीक कमीच असते. त्याच्या प्रत्येक रंगाला, ओरखड्याला आणि डागाला कारण असावं लागतं.

आधी खऱ्या विमानांकडे पाहू, कारण तिथे रंग निव्वळ हौसेचा क्वचितच असतो. कॉन्कॉर्ड पांढरंशुभ्र होतं, ते देखणं दिसावं म्हणून नव्हे. आवाजाच्या दुप्पट वेगाने जाताना त्याचं नाक 127 अंश सेल्सिअसच्या आसपास तापायचं आणि ही उष्णता बाहेर टाकायला तो पांढरा रंग लागायचा. 1996 मध्ये पेप्सीच्या जाहिरातीसाठी एक कॉन्कॉर्ड निळं रंगवलं, तेव्हा त्या वेगाने 20 मिनिटांहून जास्त उडायचं नाही, असं बंधन त्याच्यावर आलं. पंख तर पांढरेच ठेवावे लागले. अमेरिकेच्या स्पेस शटलची इंधनाची मोठी टाकी 1981 मधल्या पहिल्या दोन उड्डाणांना पांढरी होती. पुढे ती रंगवणंच सोडून दिलं, कारण नुसत्या रंगाचं वजन सुमारे 270 किलो भरत होतं. फोटोंतून आपल्या ओळखीची झालेली ती नारिंगी-तपकिरी टाकी म्हणजे मुळात न रंगवलेली टाकी. तेव्हा किट हातात घेतल्यावर कुठला रंग छान दिसेल हा प्रश्न जरा मागे ठेवा. हे विमान कुठून उडतं, कशावर चालतं, त्याला हात कोण लावतं आणि ते शेवटचं कधी धुतलं, हे आधी ठरवा.

उदाहरणादाखल ‘मॅक्रॉस’ या 1982 मध्ये सुरू झालेल्या जपानी मालिकेतलं व्हीएफ-1 व्हॅल्किरी घेऊ. आराखडा शोजी कावामोरी यांचा, आणि त्यावर अमेरिकी नौदलाच्या एफ-14 टॉमकॅटची छाप अगदी उघड आहे. मागेपुढे होणारे पंख तेच, दोन इंजिनं तीच, शेपटीचे दोन उभे पंखही तेच. रॉय फोकर या पात्राच्या विमानावरची कवटी तर नौदलाच्या ‘जॉली रॉजर्स’ तुकडीकडूनच आलेली. म्हणजे संदर्भ नाही, ही सबब इथे चालणार नाही. विमानवाहू नौकेवरच्या टॉमकॅटचे फोटो पाहा. खाऱ्या हवेने पत्रा खाऊ नये म्हणून जहाजावरच रंगाची ठिगळं लावलेली असतात, प्रत्येक ठिगळाची छटा निराळी असते आणि तंत्रज्ञ जिथून चढतात-उतरतात तिथे बुटांनी मळलेले पट्टे असतात. व्हॅल्किरीही कथेत ‘प्रॉमिथिअस’ नावाच्या विमानवाहू नौकेवरून उडते, त्यामुळे ही ठिगळं तिला शोभतात.

पण टॉमकॅटची नक्कल इथेच थांबवायला हवी. कथेनुसार व्हॅल्किरीची इंजिनं अणुसंमीलनावर चालतात. मग नोझलमागे रॉकेल जळल्यासारखी काजळी कुठून येणार? तिथे तापून बदललेला धातूचा रंग हवा. सर्वांत तापणाऱ्या भागाशी निळसर, तिथून दूर जाताना जांभळट, मग तपकिरी आणि शेवटी वाळल्या गवतासारखा पिवळा. हा क्रम उलटा झाला की जाणत्या माणसाला लगेच खटकतो. खरी गंमत त्याच्याही पुढे आहे. हे विमान रूप बदलून यंत्रमानव होतं, तेव्हा इंजिनांचे पाय होतात आणि नोझलांची पावलं. जगातल्या कुठल्याही लढाऊ विमानाच्या नोझलच्या कडेवर रस्त्याचे ओरखडे नसतात. व्हॅल्किरीच्या नोझलवर ते असायलाच हवेत. गुडघ्याच्या सांध्याशी वंगणाचा एखादा काळपट ओघळही चालेल, कारण सांधा हलतो आणि हलणाऱ्या सांध्याला वंगण लागतं.

कारण सापडलं तरी माप सांभाळावं लागतं, आणि भलेभले इथे घसरतात. व्हॅल्किरी विमानरूपात 14.23 मीटर लांब आहे. 1/72 प्रमाणात ती 20 सेंटीमीटरच्या आत बसते. मॉडेलवरचा एक मिलिमीटर म्हणजे प्रत्यक्षातले 72 मिलिमीटर. पत्र्यांच्या जोडांवरून पेनने 0.3 मिलिमीटरची काळी रेघ ओढली, तर मूळ विमानावर ती दोन सेंटीमीटरहून रुंद फट ठरते. तिच्यात बोट जाईल! म्हणून पांढऱ्या विमानाच्या जोडांना काळा नको, फिकट राखाडी पुरे, तोही खाचेतून बाहेर न सांडलेला. टाचणीच्या डोक्याएवढा रंगाचा टवका मूळ विमानावर तळहाताएवढा होतो, तेव्हा टवके काढायचे ते अगदी टोकदार ब्रशने आणि मोजकेच. टवक्याखाली लाल गंजही दाखवू नका. ॲल्युमिनियमला तसा गंज चढत नाही. तिथे चंदेरी धातू दिसेल किंवा हिरवट-पिवळा प्रायमर. लहान मॉडेलवर शुद्ध काळा आणि भडक रंग टाळून त्यांत किंचित राखाडी मिसळावा, असंही सांगितलं जातं. मधल्या हवेमुळे दूरचे रंग फिके दिसतात, हे त्यामागचं नेहमीचं स्पष्टीकरण मला फारसं पटत नाही. हातभर अंतरावरून पाहिलेलं मॉडेल म्हणजे सुमारे 30 मीटरवरून पाहिलेलं विमान. तेवढ्यात हवा असा कितीसा फरक पाडणार? घरातला उजेड उन्हाच्या मानाने फार मंद असतो आणि त्यात गडद रंग आणखी गडद वाटतात, हे कारण जास्त सयुक्तिक आहे. सल्ला मात्र योग्य आहे.

यावर एक आक्षेप हमखास येतो. अंतराळात वारा नाही, पाऊस नाही, मग तिथलं यान मळेल कशाने? या प्रश्नाचं उत्तर नासाने प्रत्यक्ष मिळवलेलं आहे. निरनिराळ्या पदार्थांचे नमुने लावलेला, बसएवढा एलडीईएफ हा उपग्रह एप्रिल 1984 मध्ये शटलमधून कक्षेत सोडला आणि जानेवारी 1990 मध्ये परत आणला. सूक्ष्म कणांच्या माऱ्याने त्याच्यावर हजारो खड्डे पडले होते, काही प्लास्टिकं अणुरूप ऑक्सिजनने खाल्ली होती. रंगवणाऱ्याने लक्षात ठेवावी अशी गोष्ट वेगळीच आहे. या उपग्रहाची एकच बाजू कायम प्रवासाच्या दिशेला होती. एकच पांढरा रंग मागच्या बाजूला अतिनील किरणांनी तपकिरी पडला, पुढच्या बाजूला मात्र पांढरा राहिला, कारण तिथे तोच ऑक्सिजन खराब झालेला वरचा थर खरवडून काढत होता. तेव्हा जे यान कधी जमिनीवर उतरतच नाही त्याच्यावर ओघळ नकोत. ओघळ खाली यायला गुरुत्वाकर्षण लागतं. त्याच्या दोन बाजूंच्या छटांत फरक ठेवा आणि बारीक ठिपके पुढच्या अंगाला जास्त द्या. जे यान वातावरणात परततं त्याच्यासाठी शटलच्या पोटाचे फोटो पाहावेत. जुन्या काळ्या फरशा राखाडी पडलेल्या आणि मध्येच बदललेली नवी फरशी गडद काळी, असा तो नमुना आहे.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. मालिकेत व्हॅल्किरी स्वच्छ, सपाट रंगात दिसते. मग तिला मळवणं ही मूळ कृतीशी प्रतारणा नव्हे का? यात तथ्य आहे, पण ती स्वच्छता कुठून आली तेही पाहायला हवं. प्रत्येक चित्र हाताने रंगवायचं असेल, तर एकच डाग शेकडो चित्रांत त्याच जागी काढत बसणं परवडत नाही. ‘स्टार वॉर्स’ची गोष्ट वेगळी होती. 1977 च्या त्या चित्रपटात यानांची खरीखुरी मॉडेल होती, बाजारातल्या रणगाड्यांच्या आणि विमानांच्या किटमधले सुटे भाग चिकटवून सजवलेली, आणि जॉर्ज लुकास यांना वापरून झिजलेलं जगच हवं होतं. तिथल्या एक्स-विंग या लढाऊ यानांचे लाल पट्टेही आधी निळे व्हायचे होते. चित्रीकरणाचा पडदा निळा असल्याने त्यावर निळे भाग नाहीसे झाले असते, म्हणून ते लाल झाले. ज्याला पडद्यावरची व्हॅल्किरीच हवी, त्याने ती खुशाल स्वच्छ रंगवावी, पण मग पुरतीच. एका सपाट रंगाला सावलीची दुसरी सपाट छटा द्यावी आणि थांबावं. अर्धं चित्र आणि अर्धं विमान असं केलं की दोन्ही फसतात.

आता प्रत्यक्ष काम. सुटे भाग आधी भांड्यांच्या साबणाने धुवा. साच्यातला तेलकटपणा राहिला तर रंग धरत नाही. सांध्यांत पुट्टी भरून बारीक पॉलिश पेपरने घासा आणि राखाडी प्रायमर द्या. सांध्यातली राहिलेली रेघ तो लगेच दाखवतो. रंगाचा एक जाड हात देण्यापेक्षा दोन-तीन पातळ हात द्यावेत. त्यावर क्लिअरचा म्हणजे पारदर्शक वॉर्निशचा चकचकीत हात हवा, कारण मॅट पृष्ठभागावर डिकलखाली, म्हणजे चिकटवायच्या चिन्हाखाली, हवा अडकते आणि ते चंदेरी दिसतं. डिकल लावून झाल्यावर पुन्हा एक पातळ हात क्लिअर द्या आणि मग जोडरेषांत टर्पेंटाइनने पातळ केलेला एनॅमल सोडा. खालचा थर ॲक्रिलिक असेल आणि पुरता वाळलेला असेल तर टर्पेंटाइन त्याला धक्का लावत नाही. खालीही एनॅमलच असेल तर सगळा लगदा होतो. जादाचा रंग नाकाकडून शेपटीकडे पुसा, म्हणजे राहिलेला मळही हवेच्या प्रवाहाने ओढल्यासारखा दिसतो. गोंदाविना खटक्याने बसणाऱ्या किटमध्ये मात्र जपून. तिथे प्लास्टिक ताणाखाली असतं आणि एनॅमलचा थिनर मुरला की भाग तडकतो.

कोकणात किंवा मुंबईत पावसाळ्यात लॅकरचा स्प्रे मारायचा मोह टाळलेला बरा. थिनर उडताना पृष्ठभाग थंड होतो, दमट हवेतली वाफ त्यावर बसते आणि रंग पांढुरका पडतो. कोरडा दिवस पाहा, खिडक्या उघड्या ठेवा आणि वाफा अडवणारा मास्क लावा. धुळीसाठीचा साधा कापडी मास्क इथे कामाचा नाही. शेवटच्या मॅट क्लिअरच्या वेळी कॉकपिटची काच बाजूला ठेवा. वैमानिकाला बाहेरचं दिसायला हवं म्हणून मळक्यातल्या मळक्या विमानाचीही काच पुसलेली असते, त्यामुळे तिच्या लकाकीला कारण आहे. ती बसवताना सुपरग्लू वापरू नका, त्याच्या वाफेने काच धुरकट होते. साधा पांढरा फेविकॉल पुरतो.